कड्याचे उरलेले सहा महिने

आमच्या गावच्या जत्रेत शेवटची कुस्ती चांदीच्या कड्यासाठी होते. जिंकणारा ते वर्षभर मनगटात मिरवतो आणि पुढच्या जत्रेला पंचांच्या हवाली करतो. गेल्या वर्षी तालमीची भिंत नव्यानं रंगवली, तेव्हा कड्याच्या आजवरच्या सगळ्या मानकऱ्यांची नावं तिच्यावर लिहायचं ठरलं. काम माझ्याकडे आलं. मी निवृत्त मास्तर, अक्षर बरं आणि मुख्य म्हणजे स्वतः मानकरी. आज मला पाहून हे कुणाला पटायचं नाही. चपला घालायच्या तरी मला आधी पलंगावर बसावं लागतं.

इतिहास जमवायला मी म्हाताऱ्यांचे उंबरे झिजवले. एकाच वर्षाच्या कड्यावर दोन-दोन घरं हक्क सांगत होती. एका आजोबांनी आपल्या चुलत्याला सलग पाच वर्षं जिंकवलं; त्यातलं पहिलं वर्ष चुलत्याच्या जन्माआधीचं निघालं. माणसं इतकं खोटं बोलतात तरी कशी, म्हणून मी घरी येऊन बायकोपुढे तणतणायचो. सगळ्या यादीत एकाच वर्षाबद्दल कुणाचा वाद नव्हता. ते माझं वर्ष. आणि तेच खोटं होतं.

त्या वर्षी माझी जोड लागली ती पिंजाऱ्याच्या मुलाशी. आम्ही एकाच तालमीतले, एकाच हौद्यातली माती उकरून मोठे झालेले. ती कुस्ती फार रंगली असं गाव अजून सांगतं. त्यातला बहुतेक वेळ मी पोटावर पालथा पडून होतो. तो मला उलटवू पाहत होता आणि मी घोरपडीसारखा मातीला चिकटलो होतो. दिवस मावळला तेव्हा पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. अशा वेळी आमच्याकडे कडं सहा महिने एकाच्या घरी राहतं आणि सहा महिने दुसऱ्याच्या. आधी कुणाकडे, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. माझी निघाली.

जत्रा कार्तिकात झाली आणि वैशाखात माझं लग्न निघालं. मध्यस्थानं सासऱ्यांना ‘कड्याचा पैलवान’ असं सांगून ठेवलेलं. आता ऐन लग्नात कडं काढून द्यायचं कसं? तो मागायला येईल तेव्हा बघू, असं म्हणत मी गप्प राहिलो. त्यानं मागितलं नाही. पुढच्या जत्रेला कडं मीच पंचांना परत केलं. नंतर त्यानं आखाडा बाळापूर या गावी गाद्यांचं दुकान टाकलं, मी शाळेवर लागलो, आणि बरोबरीची गोष्ट गाव विसरून गेलं. मीही विसरल्यासारखं केलं. कुस्तीपेक्षा ते मला जास्त चांगलं जमतं.

भिंतीवर माझ्या वर्षापर्यंत आलो आणि ब्रश थांबला. दोन दिवस मी वरचीच नावं गिरवून जाड करत बसलो. तिसऱ्या दिवशी बायको जेवण घेऊन आली.

“तुमच्याच नावापाशी काहून अडून राहिले?”

मी सगळं सांगून टाकलं. तिनं डबा उघडून पुढे ठेवला.

“पैलवान किती ते मला पहिल्या महिन्यातच कळलं व्हतं. पाण्यानं भरलेला हंडा हालला न्हाई तुमच्यानं. मला काय सांगता? त्यांच्याकडं जा.”

गेलो. तो गादीला टाके घालत होता, दाढीला कापूस चिकटलेला. मी विचारलं, “त्या वक्ताला कडं न्यायला काहून आला न्हाईस?”

“आलो व्हतो की,” सुई न थांबवता तो म्हणाला. “सहा महिने भरले त्याच दिवशी आलो. तू हळदीला बसला व्हतास. अंग सगळं पिवळं, अन् हातात कडं. तुझी माय म्हणली, जेवून जा. जेवलो अन् निघालो.”

“मागायचं तरी.”

“हळदीतल्या नवरदेवाच्या हातातून काढून घेऊ व्हय?” त्यानं दोरा दातानं तोडला. “अब्बा तेवढे इचारायचे, कडं कवा आणतोस म्हणून. जाईपर्यंत इचारत व्हते. मी म्हणायचो, आणतो.”

परत येताना जीपमध्ये माझी मला इतकी लाज वाटली, की शेजारच्यानं तब्येत विचारली.

दुसऱ्या दिवशी मी ती ओळ लिहिली. आमच्या रीतीप्रमाणे पूर्ण नाव, मधे बापाचं. आधी त्याचं लिहिलं, त्यामुळे माझ्या नावाला जागा पुरली नाही. माझं आडनाव खिडकीच्या चौकटीवर गेलं आहे. गावात आता सगळे विचारतात, हा दुसरा कोण? मग मला पालथं पडण्याची गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते.

जत्रेला तो आला. भिंतीजवळ जाऊन त्यानं ओळ शोधली आणि बोट ठेवलं. स्वतःच्या नावावर नाही, मधल्या नावावर.

“आणलं, अब्बा,” तो म्हणाला.