लिफ्टमध्ये मावणारं स्ट्रेचर

सकाळी मी अंगणात हिवाळ्यासाठी गोड लाल मिरच्या भाजत होते. मिंचो, माझा नवरा, त्या सोलत होता आणि सोललेल्यांतल्या निम्म्या खात होता. फाटक वाजलं. दारात शेजारची दोंका, अंगावर इस्पितळाचा निळा डगला.

"बस, पाव-चीज देते."

"वेळ नाही गं. दहाला समिती नवं स्ट्रेचर निवडणार आहे."

"तू समितीत कधी गेलीस?" मिंचोने चिडवलं.

"मी नुसती ढकलते, मिंचोभाऊ. ज्यांनी कधी ढकललं नाही, ते निवडतात."

रोडोपीच्या डोंगरातल्या आमच्या या लहानशा इस्पितळात दोंका एकतीस वर्षं रोग्यांना नेते-आणते. जानेवारीत बर्फावर घसरून माझा खुबा मोडला, तेव्हा मलाही तिनेच नेलं. उंबरठा आला की आधी सांगायची, "आता हादरेल, दात आवळ," आणि चाकं अलगद उचलायची. त्या जुन्या स्ट्रेचरचं एक चाक जाम होतं, हे मला बरी झाल्यावर कळलं.

आता दोन नमुने आलेत. एक लांबलचक, जाड गादीचं, बटणावर वर-खाली होणारं. मोठ्या डॉक्टरांना तेच आवडलंय. दुसरं साधं, आखूड, पण पायाने पट्टी दाबली की चारही चाकं जागच्या जागी थांबतात. काल दोंकाने डगल्याच्या पट्ट्याने लिफ्ट मोजली. लांब स्ट्रेचर आत जातं, दारही लागतं. फक्त ढकलणाऱ्याला जागा उरत नाही.

"म्हणजे रोगी एकटाच वर जाणार?" मी विचारलं.

"एकटाच. आणि मी जिन्याने धावत. चार मजले."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे."

मी मिरची उलटायची विसरले. जानेवारीत लिफ्टमधल्या त्याच दोन मिनिटांत, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, मला ओकारी आली होती. उताणी पडलेली, हलता येत नव्हतं, श्वास अडकला. दोंकाने माझी मान वळवली, तोंड पुसलं आणि वर पोचेपर्यंत हात धरून ठेवला. नंतर त्याबद्दल ती कुणाशी एक अक्षरही बोलली नाही. एकतीस वर्षांत या बाईने स्वतःसाठी बसायला खुर्चीसुद्धा मागितलेली नाही.

भिंतीशी टेकवलेली माझी काठी दोंकाने उचलून माझ्या हातात दिली.

"रोसित्सा, माझ्याबरोबर चल. लिफ्टमध्ये तुला काय झालं, तेवढं समितीला सांग."