गाडीत कशाला हात लावू नको

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट सांगतो. घाईत लिहितोय, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

फैजपूरच्या रस्त्याला पुतण्याची केळी बघायला थांबलो. ऊन नुसतं भाजून काढत होतं. माझ्या बायकोचे, सुमनचे, गुडघे दुखतात, म्हणून ती आमच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीतच बसली. मी सवयीनं किल्लीचं बटण दाबून गाडी लॉक केली आणि बांधावर गेलो.

परत आलो तर दार उघडेना. गाडी पळवणारी मोठी बॅटरी भरलेली होती, पण दारं-काचा चालवणारी छोटी बॅटरी पार बसली होती. चार दिवस समोर लाल दिवा लागत होता. मी म्हणत होतो, बघू सावकाश.

आत सुमन घामानं निथळत होती. "आतून कडी ओढ, तिला बॅटरी लागत नाही," मी काचेवर थापा मारत ओरडत होतो. ती नुसती नको-नको म्हणून मान हलवत होती.

पुतण्या दगड घेऊन धावला. "आबा, काच फोडा लागीन."

दगड पाहिल्यावर तिनं भीत भीत कडी ओढली. दार उघडलं.

सावलीत पाणी पाजून विचारलं, "आधी का नाही ओढलीस?"

"तुम्हीच त सांगतलं होतं, गाडीत कशाले हात लावू नको. मोडलं असतं त बोलले असते."

बॅटरी उद्या बदलेन. पण जीव गुदमरत असतानाही तिला भीती माझ्या बोलण्याची वाटली. तुमच्या घरात असं कुणी हात आवरून बसलेलं आहे का हो?