खडतकर सरांनी परत केलेला अहवाल

वाचा-उपचाराचे शिक्षण संपवून मी नागपूरच्या रुग्णालयात रुजू झाले. मेंदूविकार विभागाचे प्रमुख डॉ. वसंतराव खडतकर यांनी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला, "बाई, तुम्हाला थांबता येतं का?" मी "हो" म्हटले. ते खरे नव्हते, हे कळायला दोन महिने लागले.

खापरखेड्याच्या वीजकेंद्रात काम करणारे शंकरराव तेव्हा आमच्याकडे आले. चालताना त्यांचा झोक जाई, बोलताना शब्द तुटत, आवाज मध्येच चढे. कामावर दारू पिऊन येतात, असा ठपका त्यांच्यावर होता. आठवड्याने चौकशी होती आणि नोकरी जाणार, हे सगळे धरूनच चालले होते. सरांनी निदान केले: लहान मेंदूचा, वडिलांकडून आलेला आजार. वाचेचा अहवाल मी लिहिला, काटेकोर लिहिला. उच्चार अस्पष्ट, गती असमान, शब्दांत अनावश्यक थांबे.

सरांनी तो परत केला.

"पंचनामा उत्तम आहे, बाई. वीजकेंद्राच्या साहेबांनीही हेच लिहिलंय, फक्त कारण दारूचं लावलंय. शंकरराव बोलले काय, ते कुठे आहे?"

ते माझ्याकडे नव्हते. त्यांच्या बोलण्याची ध्वनिफीत मी तीनदा ऐकली होती, पण थांबे मोजत. समोरासमोर बोलताना त्यांची बहुतेक वाक्ये मीच पुरी केली होती.

मी त्यांना पुन्हा बोलावले. सोबत आलेल्या त्यांच्या बहीण कुसुमताई त्यांच्या वतीने सांगू लागल्या.

"तू चूप बस वं," शंकरराव म्हणाले. "मलेच बोलू दे." मग सावकाश, श्वास घेत: "मी दारू पेलो नाही. माह्या बापालेही लोक बेवडाच म्हणत. थो तसाच मेला."

हे मी त्यांच्याच शब्दांत अहवालात उतरवले.

चौकशीला सर रजा टाकून, बसने गेले. मीही होते. साहेब म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच सांगून टाका ना."

"आजाराचं मी सांगितलं. पिण्याचं त्यांना विचारा, आणि वाक्य पुरं होऊ द्या."

शंकररावांना बराच वेळ लागला. कोणी मध्ये बोलले नाही. ठपका निघाला, यंत्रांजवळून त्यांची बदली भांडारात झाली.

आजार बरा होईल, असे सरांनी त्यांना कधी सांगितले नाही. माझी चूकही विभागात कुणाला सांगितली नाही. सुधारलेल्या अहवालाखाली सही माझीच राहू दिली. या सगळ्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. हे त्यांना तोंडावर सांगणे मला अजून जमलेले नाही, म्हणून इथे लिहिते.

गेल्या महिन्यात कुसुमताई एकट्याच आल्या. आता त्यांचेही शब्द अडू लागले आहेत. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी विचारले, "सर हायेत ना अजून?"

मी "आहेत" म्हटले.

सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि हे उत्तर मला अजून पुष्कळ वर्षे, पुष्कळांना देता येवो.