माझ्याच घराला माझी वाळू

आमच्या घराच्या बांधकामावर माझ्या वाळूचा पहिला ट्रक रिकामा झाला त्या सकाळी इंजिनियरसाहेबांनी एक मूठ वाळू उचलली, आवळली, सोडली, तळहाताकडे बघितलं आणि ट्रक परत भरायला सांगितला. ट्रक माझा, वाळू माझी, प्लॉट माझा, घर माझं. नको म्हणणारा तेवढा परका. गवंडी तोंडातली तंबाखू थुंकायची विसरला. पाट्या घेतलेल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनंही मान वळवून बघितलं.

साहेब आता नाहीत. गावात सगळे त्यांच्याबद्दल गोड बोलतात. बोलू देत, गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायला खर्च येत नाही. त्यांचं आणि माझं जे वाजलं होतं ते माझ्या बाजूनं अजून मिटलेलं नाही, आणि मिटवायचा माझा विचारही नाही.

मी गगनबावड्याकडचा. आमच्याकडे पावसाळ्यात कपडे चुलीवर वाळवावे लागतात आणि माणसाच्या अंगाला कायम धुराचा वास येतो. तो वास घेऊनच मी कोल्हापुरात आलो आणि पंचगंगेच्या पात्रात पाटीनं वाळू उपसायला लागलो. पाटीची बैलगाडी झाली, बैलगाडीचा जुना ट्रक झाला, मंगळवार पेठेच्या टोकाला वाळूचा डेपो झाला. शिक्षण सातवीपर्यंत. भांडवल म्हणजे तोंड. भाव करताना बोलणं अर्धवट टाकून उठायचं, चपला घालायच्या आणि चालू लागायचं, ही माझी पद्धत. समोरचा मागून हाक मारतोच. ह्या एका युक्तीवर मी दोन बहिणींची लग्नं केली.

साहेबांचं ऑफिस शाहूपुरीत, एका धान्याच्या दुकानाच्या वर. किडकिडीत माणूस, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत काचेची लोणच्याची बरणी. ही बरणी म्हणजे आम्हा वाळूवाल्यांचा यम. तिच्यात ते अर्धी वाळू टाकायचे, वर पाणी आणि चिमूटभर मीठ, मग झाकण लावून खळाखळा हलवून ठेवून द्यायचे. वाळू खाली बसली की तिच्यावर गाळाचा थर दिसायचा. थर जाड असला की ट्रक परत. मी एकदा त्यांना समजावून बघितलं की नदीची वाळू म्हटल्यावर गाळ असणारच, दुधावर साय असतेच की. ते म्हणाले, साय खाता येते.

माणूस म्हणून विचाराल तर थोडा सरकलेलाच होता. शाहूपुरीतल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामाच्या भिंतीत परांचीच्या वाशासाठी सोडलेलं भोक होतं. त्यात साळुंकीनं अंडी घातली. साहेबांनी सगळ्या भिंतीला गिलावा करून घेतला आणि तेवढा हातभर तुकडा पिल्लं उडेपर्यंत उघडा ठेवला. व्यापारी माझ्याकडे येऊन बोंबलला. मी त्याला म्हटलं, साळुंकीकडून भाडं घे. झाडाची फांदी तोडायची म्हटली तर साहेब आधी जिना सरकवायचे, आणि जिना सरकवायचे पैसे मालकाचे.

घरच्यांवाचून त्यांचं पान हलत नसे. रविवारी बायको आणि दोन मुलींना घेऊन ते बांधकामावर यायचे. अर्धवट भिंतींच्या आडोशाला बसून चौघं डबा खायची आणि हा माणूस मुलींना विचारायचा की खिडकी कुठं पाहिजे. आमच्या प्लॉटवर नुसती चुन्याची आखणी झाली होती तेव्हा त्यांनी धाकटीला रेघेवर उभं केलं आणि काय दिसतं ते विचारलं. ती म्हणाली, म्हैस. साहेबांना एवढा आनंद झाला की नकाशातली खिडकी तीन फूट सरकली. आज माझ्याकडे पाहुणे येतात ते दिवाणखान्यात बसून शेजाऱ्याच्या गोठ्यातली धार काढणं बघतात.

आणि वरताण म्हणजे वाळवंट. तरुणपणी साहेबांनी सरकारी नोकरीत राजस्थानात कुठंतरी कामगारांच्या चाळी बांधल्या होत्या. नोकरी सुटली, पण तो रोग सुटला नाही. दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरची माणसं गोव्याला जातील, वाडीला देवदर्शनाला जातील. हे कुटुंब वळकट्या आणि स्टोव्ह घेऊन दोन-तीन गाड्या बदलत वाळूच्या ढिगावर जाऊन बसायचं. परत येताना उशांच्या अभ्र्यांत तिथली वाळू भरून आणायचं. स्टेशनावरच्या हमालानं एकदा उशी उचलली आणि ती तशीच खाली ठेवून साहेबांचं तोंड बघत राहिला.

मी विचारलं होतं, तिथं आहे तरी काय. ते म्हणाले, काही नाही. आणि वर म्हणाले, "शेठ, मी वर्षभर ओल, गळती आणि बुरशीशी भांडतो. पंधरा दिवस तरी जिथं काहीच गळत नाही अशा ठिकाणी झोपावं की नाही माणसानं?"

तर अशा माणसानं माझ्याच घराला माझी वाळू नाकारली. पावसाळा संपून नदी नुकती उतरली होती. गाळ काही मी घरून आणून घातला नव्हता. पण कोल्हापुरात बातमीला ट्रक लागत नाही. दुपारपर्यंत नदीकाठच्या दुसऱ्या वाळूवाल्यानं मला निरोप पाठवला की लागली तर त्याच्याकडची वाळू घेऊन जावी, ओळखीचा भाव लावतो. वाळूवाल्याच्या घराला दुसऱ्याची वाळू पडली असती तर उद्या माझा ट्रक कुणी आपल्या दारात उभा केला असता?

साहेबांना काढून दुसरा इंजिनियर घ्यावा, तर त्यातही गोची. एक म्हणजे, वाळू नाकारली म्हणून इंजिनियर काढला हे बाजाराला लगेच कळलं असतं. दुसरं, माझी बायको. साहेबांनी तिच्या बहिणीला भाकऱ्या थापायला उभं करून, कोपराची उंची मोजून तिच्या स्वयंपाकघराचा ओटा केला होता. ते बघून आल्यापासून बायकोचं एकच टुमणं. मी नुसता विषय काढला तर ती म्हणाली, "घर त्या सायबाकडनं बांधायचं, न्हाईतर मी हितंच भाड्याच्या खोलीत बरी हाय. तुमी ऱ्हावा वाळूवर."

म्हणून संध्याकाळी मी भांडायला साहेबांच्या घरी गेलो. वहिनींनी सांगितलं, सगळे गच्चीवर आहेत, चपला वरच्या पायरीवर काढा. वर गेलो तर गच्चीच्या एका कोपऱ्यात विटांची अडवण करून त्यात ती उशांतून आणलेली वाळू पसरली होती, आणि उन्हानं रापलेले साहेब मुलींना घेऊन तिच्यावर लोळत होते. चांगला मोठा माणूस, शहरातल्या निम्म्या नव्या इमारती त्याच्या, आणि लेंगा वाळूनं भरलेला.

मी वाळूवाला. माझा हात आपोआप खाली गेला. मूठ आवळली, सोडली. वाळू पाण्यासारखी ओघळून गेली आणि तळहात स्वच्छ. मी म्हटलं, ही काही कामाची नाही, दाणा फार बारीक आणि गोल आहे, सिमेंट धरणार नाही.

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. "हिचं काहीही बांधता येत नाही. म्हणूनच मला हिच्यावर झोप लागते."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आणा ती बरणी, होऊ दे हिचीही परीक्षा. त्यांना वाटलं मी खेळायला आलोय. धाकटीनं बरणी हलवली. वाळू झपकन खाली बसली, वर गाळाचा थर दिसेनाच. वाऱ्यानं वर्षानुवर्षं पाखडलेली वाळू, साहेब कौतुकानं सांगत होते. मी म्हटलं की माझ्याकडे वारा नाही, माझ्याकडे नदी आहे.

"मग नदीत पाणी नाही काय?"

त्यांचं म्हणणं सरळ होतं. वाळू चाळून, धुऊन आणा, तुमच्या घराला तुमचीच घेतो. पण मग डेपोतून जाणारा प्रत्येक ट्रक धुतलेलाच पाहिजे, कुणाच्याही दारात जाणारा. मी म्हटलं, माझ्या घराची धुतो, दुसऱ्यांचं तुम्हाला काय पडलंय? ते म्हणाले, दुसऱ्यांची घरंही मीच बांधतो की, आणि त्यांतही माणसं बायकापोरांना घेऊन झोपतात.

मी सौदा सुरू केला. निम्मे ट्रक धुतो. नको. फक्त स्लॅबची धुतो, गिलाव्याची नाही. नको. फक्त तुमच्या कामांवरची. साहेब वाळूत बोटानं रेघा ओढत मान हलवत राहिले. मग मी नेहमीचा हुकमी डाव टाकला. बोलणं तोडून उठलो, चपला घातल्या, सावकाश जिना उतरलो. अर्ध्या जिन्यात थांबलो. वरून हाक येईना. कान दिला तर साहेब मुलींना उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो की पुढचे, ते सांगत होते. मी गेलोय ह्याची त्यांना गंधवार्ता नव्हती. खाली वहिनी विचारायला लागल्या, निघालात का, कॉफी टाकली होती. मी म्हटलं, छे, नुसते पाय मोकळे करत होतो. आणि परत वर गेलो.

"या शेठ," साहेब म्हणाले. "मागचे आधी."

मी म्हटलं, धुतो. सगळी धुतो. पण माझ्या स्लॅबच्या दिवशी चार लोकांत तुम्ही तोंडानं सांगायचं की वाळू चांगली आहे. ते म्हणाले, चांगली असली तर सांगेन की.

मी डेपोत विटांचे हौद बांधले, डिझेलचं इंजिन बसवलं, चाळणीवर बायका लावल्या. गाळ वाहून गेला तेवढा माल कमी, मजुरी वर, भाव वाढवावा लागला. नदीकाठचा वाळूवाला मुद्दाम सायकलवरून बघायला आला आणि रस्त्यावरूनच ओरडला, "काय पावणं, नुसतं धुताय? इस्त्री न्हाय करत?" महिनाभर बाजारात मला धोबी म्हणत होते. दोन जणांशी हातघाईवर आलो.

स्लॅबच्या दिवशी सगळे आले. ज्यांचं काही काम नव्हतं तेही आले, नदीकाठचाही आला. साहेबांनी मूठ आवळून सोडली, तळहात उजेडाकडे धरला. मग बरणी हलवून विटांच्या थप्पीवर ठेवली. मिक्सरवाला थांबला, गवंडी थांबले. बायको दूर उभी होती, तिनं पदर तोंडात धरलेला. पाणी निवळलं. साहेबांनी बरणी उचलून डोळ्यांसमोर फिरवली आणि नदीकाठच्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही वाळू मी माझ्या स्वतःच्या घराला घेईन."

एवढं तर मी मागितलंही नव्हतं. मी त्या दिवशी सगळ्या मजुरांना मटण घातलं, नदीकाठच्यालाही दोनदा वाढायला लावलं.

पण त्या एका वाक्यानं माझा घात केला. आठवड्याभरात शाहूपुरीतला एक दुकानदार डेपोवर आला आणि म्हणाला, साहेबांची वाळू पाठवून द्या. मला वाटलं चुकून बोलला. मग दुसरा आला, तिसरा आला. हौद माझे, इंजिन माझं, शिव्या खाल्ल्या मी, आणि वाळू साहेबांची. मी डेपोवर माझ्या नावाची पाटी रंगवून लावली, अक्षरं ट्रकाच्या फाळक्यावर असतात एवढी. लोक पाटी वाचायचे आणि पाटीखाली उभे राहून विचारायचे, साहेबांची वाळू इथंच मिळते ना?

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर मी साहेबांकडे तक्रार घेऊन गेलो. ते वळकटी बांधत होते, दुसऱ्या दिवशी निघणार होते. मला सांगायला लागले की त्यांच्या हातात काही नाही, त्यांची वाळू तर गच्चीवर आहे आणि ती कुणीच मागत नाही. एवढं बोलून हसत सुटले. मी हसलो नाही.

पुढं बरीच वर्षं त्यांच्या कामांवर माझीच वाळू गेली आणि त्यातला एकही ट्रक परत आला नाही. चांगली वाळू पाठवली असं त्यांनी पुन्हा कधी म्हटलंही नाही. ते गेले त्या दिवशी मी डेपो बंद ठेवला. तसंही सगळे गवंडी त्यांच्या दारात जमले होते, विकणार कुणाला.

दुसऱ्या दिवशी करवीर भागातला एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला.

"पावणं, सायबाची वाळू हाय न्हवं?"

मी म्हटलं, "सायेब गेलं. ही माझी वाळू हाय."

त्यानं ढिगाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ट्रॅक्टर वळवायला घेतला. "मग ऱ्हाऊ दे. सायबाची कुठं गावंल?"

"इंजान बंद करा आदी," मी म्हटलं. "सायबाचीच हाय. किती ब्रास पायजे?"

तो उतरला. ढिगात हात घालून बघितला, भाव विचारला. मी सांगितला. तो म्हणाला, लई होत्यात, कायतरी कमी करा की.

"सायबाच्या वाळूत भाव करत न्हाईत," मी म्हटलं आणि फावडं आणायला सांगितलं.