हमिदाने घेतलेलं माप

अकोल्याच्या जुन्या शहरात नियाजभाईंचं लेथचं, म्हणजे लोखंड कातण्याच्या यंत्राचं दुकान होतं, घराच्याच खालच्या खोलीत. मोडलेला शाफ्ट, झिजलेलं गिअर, जे बाजारात तयार मिळत नाही ते सगळं घेऊन माणसं पार दर्यापूरहून त्यांच्याकडे येत. नियाजभाईंच्या कामात केसाइतकाही फरक पडत नाही, असा त्यांचा लौकिक होता.

हा लौकिक शेवटची आठ वर्षं एकट्या नियाजभाईंचा नव्हता, पण ते घरातल्या दोघांनाच ठाऊक होतं. साखरेच्या आजाराने त्यांच्या डोळ्यांचा पडदा बिघडला होता. माणसं दिसत, रस्ता दिसे. पण जिथे नजर रोखावी नेमका तिथेच राखाडी डाग येई. माप घ्यायच्या व्हर्निअरवरच्या बारीक रेघा दिसेनाशा झाल्या. आकडे दाखवणारं नवं व्हर्निअर आणलं, त्याच्या काचेवरही तोच डाग. दुकान बंद करायचं म्हणून ते वर गेले, तेव्हा त्यांची बायको हमिदा कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मुझे सिखा दो. मैं पढ दूंगी."

सातवी शिकलेली हमिदा आठ दिवसांत माप घ्यायला शिकली. काम शेवटच्या कटवर आलं की नियाजभाई जिन्याकडे तोंड करून हाक मारत, "हमिदा, पानी!" ती ग्लास घेऊन उतरे, गिऱ्हाइकाकडे पाठ करून लेथवर वाके आणि पुटपुटे, "चालीस पे दो घर बाकी." म्हणजे चाळीस मिलिमीटरला अजून दोन रेघा कातायच्या. कातताना लेथवर पाणी सोडावं लागे; त्या लेथपेक्षा नियाजभाईच जास्त पाणी पितात, म्हणून गिऱ्हाइकं हसत. एकदा कोणी विचारलंच, "भाभी काय पाहून राहिल्या?" नियाजभाई पटकन म्हणाले, "तिले काय समजते? गंमत पाहून राहिली." हमिदा रिकामा ग्लास घेऊन वर गेली.

गेल्या जानेवारीत न्यूमोनियाने हमिदा पाच दिवसांत गेली.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर नियाजभाईंनी दुकान उघडलं. घरात बसवत नव्हतं म्हणून उघडलं. पहिल्याच दिवशी दर्यापूरच्या पार्बताबाई आल्या. त्या स्वतः पिठाची चक्की चालवत. पोत्यात गुंडाळलेला शाफ्ट त्यांनी समोर ठेवला.

"पट्टा अडकला अन् शाफ्ट तुटला, नियाजभाऊ. सहा वर्सांखाली तुमीच बनवून देल्ला होता. तसाच पायजे."

नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं. त्यांनी लोखंड लेथला लावलं. पार्बताबाई बेअरिंग चक्कीतच ठेवून आल्या होत्या, त्यामुळे बसवून पाहायचीही सोय नव्हती. हात सवयीने चालत राहिले. बेअरिंगची जागा चाळीसच्या जवळ आली, लेथ थांबला आणि नियाजभाई जिन्याकडे वळून ओरडले, "हमिदा, पानी!"

पार्बताबाईंनी पदर डोळ्याला लावला.

नियाजभाई बराच वेळ जिन्याकडे पाहत उभे होते. मग त्यांनी शाफ्टवरून अंगठा फिरवला, अंदाजाने आणखी एक कट घेतला आणि म्हणाले, "झालं. घेऊन जा."

चौथ्या दिवशी पार्बताबाई तोच शाफ्ट घेऊन परत आल्या. "बेअरिंग ढिली होऊन राहिली. गावच्या मिस्तरीनं मोजलं, अर्धा मिलिमीटर कमी हाये म्हने." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "होते असं. घरचं मानूस गेल्यावर चित्त कुठं राह्यते? दुसरा करून द्या. तुमचा हात मले मालूम हाये."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नियाजभाई स्टुलावर बसले.

"हात माझा होता, बाई. माप हमिदाचं होतं. मले दिसत नाही. आठ वर्सं तिनंच माप घेतलं. तुमचा पहिला शाफ्टही तिनंच मोजला होता."

"त्या पानी घेऊन येत त्या?"

"तीच."

"मंग काहून सांगतलं नाही कोनाले?"

"शरम वाटे," नियाजभाई म्हणाले. "बायकोच्या डोळ्यानं धंदा करतो म्हनाची."

पार्बताबाई म्हणाल्या, "मी बाईमानूस असून चक्की चालवतो, नियाजभाऊ. मले तरी सांगाचं होतं. मी तिच्यासंग दोन गोष्टी बोलली असती."

नियाजभाई तोंडावर हात धरून रडले. हमिदाच्या मयतीलाही ते असे रडले नव्हते.

मग उठून त्यांनी शाफ्ट स्वतः उचलला आणि पार्बताबाईंना दोन गल्ल्या पलीकडच्या धर्मपालच्या वर्कशॉपमध्ये नेलं. धर्मपालने नवा शाफ्ट करून दिला. तो बरोबर बसला, चक्की सुरू झाली.

नियाजभाईंनी लेथ पुन्हा चालवला नाही. दुकान मात्र रोज उघडतात. कोणी काम घेऊन आलं की सांगतात, "माप माझी बायको घेत होती. ती गेली. आता धर्मपालकडे जा."

लोक ऐकून घेतात, खांद्यावर हात ठेवतात. बाहेर पडल्यावर एकमेकांना म्हणतात, भाभी गेल्यापासून बिचाऱ्या नियाजभाईंचं डोकं ठिकाणावर नाही. पाणी आणणारी बाई म्हणे माप घेत होती!