खेकडीणबाईंचे पंजे

तिला सगळी गल्ली खेकडीण म्हणायची. नाव धाकट्या जावेनं ठेवलेलं. नवरा होता तेव्हा दोघं मिळून मासळीबाजारातून खेकड्यांची, कोळंबीची टरफलं पोत्यानं आणायची. घरच्या कापड-कारखान्यामागच्या शेडमध्ये ती वाळवायची, दळायची, आम्लात आणि क्षारात धुवायची. उरलेली पांढरी भुकटी व्हिनेगरमध्ये विरघळली की चिकट पाणी तयार होई. त्यात भिजवून वाळवलेलं सुती कापड घामाचा वास धरत नसे आणि थोडक्या रंगात गडद रंगत असे. हा सगळा शोध तिच्या नवऱ्याचा. दीर-जाऊ मात्र शेडवरून जातानाही नाक दाबून जायची.

नवरा गेला आणि वर्ष सरायच्या आत दिरानं कारखान्याच्या पाटीवरून त्याचं नाव पुसलं. शोधही आपलाच म्हणून सांगू लागला. नाव तेवढं राहू द्या, असं तिनं एकदाच सांगून पाहिलं. तो हसला.

"वहिनी, मेलेल्या माणसाच्या नावावर कापड खपत नाही."

तिनं ते गिळलं, पण पचवलं नाही.

पुढे मोठे व्यापारी यायचे ठरले. त्यांच्यादेखत एक पांढरं कापड रंगवून दाखवायचं होतं आणि ते तयार करायचं काम अर्थातच खेकडिणीच्या गळ्यात पडलं. दिराची एक खोड तिला पाठ होती. त्या चिकट पाण्याच्या वासापायी तो कापडाजवळ फिरकत नसे. कोपऱ्याची एक चिंधी कापून मागवायचा, तेवढीच रंगवून बघायचा आणि मान डोलवायचा. म्हणून तिनं चारी कोपरे त्या पाण्यात नीट भिजवले आणि मधलं कापड कोरडं ठेवलं. मग दोन्ही हात पाण्यात बुडवून ती मधल्या कापडावर पंजे थापत सुटली. थापताना नवऱ्याची भेगाळलेली बोटं आठवत होती आणि हात अधिकच जोरानं पडत होते. कापड वाळलं तेव्हा कशाचा मागमूसही नव्हता.

चिंधी झकास निळी निघाली. दीर खूश.

व्यापाऱ्यांसमोर त्यानं माझा शोध, माझा शोध करत तोंडाला फेस आणला. मग कापड रंगाच्या टाकीतून वर आलं. मधल्या फिकट आकाशी अंगावर नुसते काळेनिळे पंजेच पंजे. जावेचा हात सवयीनं नाकाकडे निघाला तो तोंडावर जाऊन थांबला. सगळ्यांच्या देखत दिराच्या तोंडून निघून गेलं,

"वहिनी, हे काढायचं कसं?"

व्यापारी एकमेकांकडे बघू लागले.

"निघत नाही, भाऊजी," ती शांतपणे म्हणाली. "ज्यानं शोधलं त्याला ठाऊक होतं."

व्यापारी चहा न घेताच उठले. तिचंही पोट त्याच कारखान्यावर होतं, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी तिला पोटाची फिकीर नव्हती. तिनं ते ओलं कापड पिळलं, बाहेर नेलं आणि दारावरच्या पाटीवर पसरून टाकलं.

ते काढायला दीर पुढे झाला नाही. कापडाला अजून वास येत होता.