गच्चीवरचे आजोबा

साथीच्या दिवसांत दोन हात लांब राहण्याची सूचना अख्ख्या सुरतेसाठी निघाली होती, पण ती आपल्या एकट्याच्या नावाने निघाली आहे असं मानणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमचे साडू. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड मोजून घड्या घालण्यात त्यांची हयात गेली. अंदाज या शब्दाचाच त्यांना तिटकारा. ती सूचना वाचून त्यांनी मला विचारलं, "हात कोणाचे धरायचे? तुमचे की माझे?" मग निकाल स्वतःच दिला, एक हात म्हणजे एक गज, आणि कापड मोजायचा लोखंडी गज घेऊन फिरायला लागले. भाजीच्या रांगेत पुढच्याच्या टाचेपासून दोनदा गज टेकवायचे आणि मगच उभे राहायचे. मागचा खेटला की न वळता म्हणायचे, "भाऊ, तठेच ऱ्हाय." एकदा मागे पोलीस निघाला. तोही तठेच राहिला. बमरोलीला त्यांच्या घरी गेलो, तर माझी खुर्ची गल्लीत. मी म्हणालो, "साडूभाऊ, मी पाहुणा की परका?" म्हणाले, "पाहुणे. म्हणून तर जपतोय."

आम्ही हसायचो, पण कारण घरातच होतं. थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते, आणि घर म्हणजे एक खोली नि स्वयंपाकघर. तेवढ्यात मिल पुन्हा सुरू झाली. कामावर जावं तर आजार घरात यायची धास्ती, न जावं तर चूल पेटायची पंचाईत. पहिल्या पाळीला निघण्याआधी साडूंनी आपली वळकटी चाळीच्या गच्चीवर नेली आणि वर पत्रा बांधून घेतला. मेहुणी म्हणाली, "अहो, बाकीचे कामगार झोपतातच ना घरात?"

"बाकीच्यांचं बाकीचे बघतील. माझ्यामुळे पोरीला काही झालं, तर मी बोट कोणाकडे दाखवू?"

त्यानंतर मेहुणी जिन्यात ताट ठेवून खाली उतरायची, मग ते वरून येऊन उचलायचे.

मुलगा झाला, अडीच किलोचा. साडूंनी तो जिन्याच्या वरच्या पायरीवरून पाहिला. दुसऱ्या दिवशी मला सांगत होते, मिलमध्ये तेवढ्याच वजनाचं कापड दोन्ही हातांवर घेऊन बघितलं. "काहीच नाही हो. घेतलंय असं वाटतही नाही."

बारशाला व्याही धुळ्याहून गाडी करून येणार होते. साडूंनी फोनवर सांगितलं, "या ना. पण पंगत रस्त्यावर बसेल." गाडी आली नाही. आली ती जवळच राहणारी बाळाची आत्या, आणि तिलाही उंबऱ्यावरच थांबवलं. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आपली रीत. तिने उंबऱ्यावरून ओरडून नाव सांगितलं. ते चाळीला कळलं, बाळ झोपूनच राहिलं. उरले धपाटे. "रीत मोडायची नाही," म्हणत साडूंनी गज धुऊन पुसून शेजारणीच्या ओट्यावर ठेवला.

"काका, लोखंडी आहे तो," आत्या म्हणाली.

"हळू मारतील. अंतर बघ ना किती बरोबर राहतंय."

मुलगी सासरी निघाली, त्याच आठवड्यात साडूंच्या शेजारी काम करणारा माणूस तापाने पडला. आम्ही सगळ्यांनी विनवलं, तोंडाला फडकं बांधा, पण नातवाला एकदा हातात घ्या. ते गच्चीच्या कठड्याशी उभे राहिले. गाडी वळल्यावरही बराच वेळ तिथेच होते. त्यांच्या घरात कोणी आजारी पडलं नाही. नशीब म्हणणारे नशीब म्हणतात, मी म्हणत नाही.

आता नातू शाळेत जातो. दिवाळीला आला तेव्हा साडूंनी त्याला ओढून मांडीवर बसवलं. तो क्षणभर बसला आणि "आजोबा, सोडा ना," म्हणत गल्लीतल्या पोरांकडे पळाला. साडू मांडी घालून तसेच बसून राहिले. थोड्या वेळाने मेहुणीला म्हणाले, "तान्हा असताना बसायचा का गं हा मांडीवर?"

"तासन्‌तास. माझ्या मांडीवरून उतरायचं नाव नाही."

"मग बरं झालं," साडू म्हणाले. मेहुणीने आत ताटं वाढली तरी त्यांनी मांडी मोडली नाही.